जुनी फेल्ट, नवी फेल्ट

२० एप्रिल २०२५, रविवार. सकाळी सहा.
आजपासून रोज लिहायचं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, तेव्हा फक्त तिकिटं फाडली. आता रिटायर्ड. डोक्यात विचार भरपूर, ते वाया जाऊ नयेत.

संध्याकाळी.
मुलगा विक्की पुण्याहून आला. रंजिताचं लग्न १८ मेला, उमरखेडच्या मंगल कार्यालयात. बहिणीच्या लग्नाच्या कामासाठी महिनाभर घरूनच नोकरी करणार म्हणे. बॅगेतून दोन डबे काढले. दोन हॅट. करड्या, फेल्टच्या, सेम टू सेम. एक त्याची, एक माझी. म्हणाला, "बापू, वरातीत आपण दोघं ह्या घालून चालू."
मी हातात घेतली. काठ वाकवून पाहिला. नख लावलं. सांगितलं की ही मेंढीच्या लोकरीची, मशीनवर दाबलेली. माझ्या वडिलांची हॅट सशाच्या केसांची आहे, हैदराबादहून आणलेली. तो माल आता होत नाही.
विक्कीने डबा झाकून ठेवला. आजकालच्या मुलांना माहिती आवडते, पण चेहऱ्यावर दाखवत नाहीत.

२१ एप्रिल
पत्र्याच्या पेटीतून वडिलांची काळी हॅट काढली. फकिरा नाईक, आमच्या तांड्याचे नाईक. ही हॅट घालून उभे राहिले की कलेक्टरसुद्धा आधी हात पुढे करत असेल. (मी पाहिलं नाही. पण करत असेल.)
वरच्या बाजूला बारीक बारीक छिद्रं दिसली. डोक्याला हवा लागावी म्हणून ठेवलेली असावीत. जुने कारागीर फार पुढचा विचार करायचे. जमनाने पाहिलं आणि म्हणाली, "कसर लागली तिले. फेका."
बायकोशी टेक्निकल विषय बोलायचा नाही, असा नियम केला.
ठराव : दोन्ही हॅटची सायंटिफिक टेस्ट घ्यायची. जिंकेल ती लग्नात घालायची. कोण जिंकणार हे माहीतच आहे, पण विक्कीला पुराव्यानिशी पटलं पाहिजे.

२३ एप्रिल
टेस्ट एक : दाब. विक्कीची हॅट चुरगळून मुठीत धरली, सोडली. टुणकन पहिल्यासारखी. कणाच नाही तिला. कोणीही दाबावं!
वडिलांची हॅट दाबली. कट्‌ असा आवाज आला. मधोमध चीर गेली, अंगठ्याएवढी. जुनी फेल्ट स्वाभिमानी असते, अपमान सहन करत नाही. रिबिनीखाली चीर झाकली जाते.
मार्क : जुनी १०, नवी ४.

२६ एप्रिल
टेस्ट दोन : पाणी. अंगणात दोन्ही हॅटवर एकेक तांब्या ओतला. नवीवरून पाणी घरंगळून गेलं. थेंबही आत नाही. जुनीने सगळं पाणी पिऊन टाकलं. माल अस्सल असल्याशिवाय असं पीत नाही.
नंतर ती वाळायला दोरीवर टांगली. खाली जमनाने कुरडया घातल्या होत्या हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दीड पायली कुरडया काळ्या झाल्या. जमना लग्नाचं रुखवत, लग्नाचं रुखवत असं बराच वेळ म्हणत होती. रंजिता मात्र हसली. आपल्या आईला म्हणाली, "याडी, राहू दे. काळ्या कुरडयांचं रुखवत कोनाचंच नसते."
मुलगी समजूतदार आहे. माझ्यावर गेली.
आज ढाणकीकडे पत्रिका वाटायला जाणं माझ्याकडे होतं. टेस्टच्या गडबडीत राहिलं. विक्की गेला मोटरसायकलवर. त्रेचाळीस डिग्री होतं. डोक्यावर रुमाल बांधून गेला. म्हटलं, एवढी मॉडर्न फेल्ट आहे तर घाल की. म्हणाला, "ती लग्नातच घालीन बापू. दोघं संगच घालू."

३० एप्रिल
वाळल्यावर वडिलांची हॅट डोक्यात शिरत नाही. उन्हाळ्यात डोकं फुगतं, असं कुठेतरी वाचलं आहे.
उपाय : वाफ. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस किटलीच्या वाफेवर हॅट धरतो आणि हळूहळू ताणतो. मी चहाच्या पातेल्यावर धरली. माझी आई तानाबाई ओसरीवर बसून पाहत होती. वय पंच्याऐंशी, कान तिखट. विचारलं, "उत्तम, चहात काय शिजवून राह्यला?" मी सांगितलं, ही सशाच्या केसांची फेल्ट आहे. आई म्हणाली, "मंग ससा कुठी हाय?"
हॅट थोडी ताणली. चहाला वेगळीच चव होती. कोणी प्यायलं नाही.

४ मे, रविवार
आईला सहज विचारलं, वडिलांना ही हॅट किती आवडायची? तिने सुपारी कातरता कातरता सांगितलं, "तुह्या बापानं ते टोप एकच डाव घातलं. फोटोपुरतं. डोक्सं तापते म्हने. मंग पेटीत टाकून देल्लं."
वयाने आईची स्मरणशक्ती कमी झाली आहे. त्या दिवशी कोणता वार होता, फोटोवाल्याचं नाव काय, त्याच्या बायकोला तेव्हा कितवा महिना होता, एवढंच तिला आठवतं.

९ मे
विक्कीने पुन्हा विचारलं. मी दाढी करत होतो. दारात उभा राहून म्हणाला, "बापू, नक्की नाई घालत?"
मी वस्तरा खाली ठेवला आणि नीट समजावलं. सशाचा केस बारीक, एकमेकांत घट्ट गुंततो. मेंढीची लोकर जाड, सैल. जुन्या हॅटला आत चामड्याची पट्टी, नव्याला रेक्झिन. एकूण पंचवीस मिनिटं. शेवटी म्हणालो, वस्तू घेताना मोठ्या माणसाला विचारत जावं.
विक्की म्हणाला, "बरं."
पटलं त्याला. उगाच इतके दिवस टेस्ट घेतल्या, आधीच बोलायला हवं होतं.

१७ मे
हळद झाली. घरात पाय ठेवायला जागा नाही. बुटाच्या काळ्या पॉलिशने हॅटचा रंग सारखा केला. आता नवीसारखी दिसते. म्हणजे जुनीसारखीच, पण नवी.

१९ मे, सोमवार
काल लिहायला वेळ मिळाला नाही. लग्न उत्तम पार पडलं. काही मुद्दे :
१) ऊन चव्वेचाळीस डिग्री. कोणतीही फेल्ट असती तरी घाम आला असता.
२) पॉलिशचा दर्जा पूर्वीसारखा राहिला नाही. घामाबरोबर कपाळावर, तिथून कानामागे आणि नव्या पांढऱ्या शर्टावर. बँडवाल्यांनी मला दोनदा पाणी दिलं. चक्कर आली असं त्यांना वाटलं.
३) आमचे व्याही इंद्रजीतराव, ढाणकीचे, पूर्ण टकले. वरातीत उघड्या डोक्याने घामाघूम झालेले. विक्कीने गाडीतून दुसरी हॅट आणली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. मला विचारलं नाही. मी नाही म्हटलं नसतंच. माझ्या मनाचा मोठेपणा सगळ्यांना माहीत आहे.
मग दोघं सेम टू सेम हॅट घालून बँडसमोर नाचले. लोक टाळ्या वाजवत होते. मी मागे, बायकांच्या घोळक्याजवळ होतो. तिथे सावली होती.
निरोपाच्या वेळी रंजिता गळ्यात पडली. पदराने माझं तोंड पुसू लागली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "बापू, पहिले डोळे पुसू का कपाळ?" हसली. मग रडली. तिच्या शालूला काळा डाग पडला. तो ड्रायक्लीनमध्ये जाईल.

२२ मे
विक्की आज पुण्याला गेला. स्टँडवर सोडायला गेलो. फेल्टवर पुन्हा बोलावं असं वाटलं, पण गाडी लगेच लागली.

१ जून, रविवार
अल्बम आला. प्रिंटिंग चांगलं आहे. चौथ्या पानावर मोठा फोटो, विक्की आणि इंद्रजीतराव, हॅट घालून, एकमेकांच्या खांद्यावर हात. खाली सोनेरी अक्षरात : वधूचे वडील व बंधू.
फोटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, दोघं अगदी बापलेक वाटत होते. सॉरी."
मी म्हणालो, फोटोवाल्याने अंदाजाने काम करू नये. मला शोधलं असतं तर सापडलो असतो. मी अकराव्या पानावर आहे, पंगतीत, पाठमोरा.
जमनाला दाखवलं. ती म्हणाली, दिवाळीत तुम्ही दुपारी झोपले होते, तेव्हा विक्कीने तुमच्या डोक्याभोवती दोरा धरून माप घेतलं होतं. तुम्ही घोरत होते. दोनदा कूस बदलली, दोनदा त्याने पहिल्यापासून मोजलं. तो दोरा पाकिटात घालून पुण्याला नेला.
मी विचारलं, आधी काहून नाही सांगितलं?
म्हणाली, "तुमी टेस्ट घेऊन राह्यले होते."

३ जून
विचार केला. दोन्ही हॅट हाताशी असल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. नव्या हॅटची लग्नानंतरची कंडिशन पाहणं आवश्यक. रविवारी ढाणकीला जायचं. रंजिताची भेटही होईल. मुख्य उद्देश तपासणी.

८ जून, रविवार
ढाणकीला गेलो. इंद्रजीतराव वावरातून येत होते, हॅट डोक्यावर. सोयाबीनच्या पेरणीआधीची वखरणी चालू आहे, रोज हीच घालतात म्हणे. मी हॅटच्या काठाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. रंजिता चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आणि सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, ते बापूचीच हॅट हाय. विक्कीनं त्याईच्यासाठीच आनली होती."
मी म्हणालो, तसं काही नाही. सहज आलो होतो.
इंद्रजीतरावांनी लगेच काढली. "अरे, इवाईबुवा, मंग सांगाचं न! घेऊन जा. मले गमछा बरा." टॉवेलने पुसून, दोन्ही हातांनी दिली.
चांगला माणूस आहे. फोटोतही चांगला आला आहे.
बसमध्ये हॅट मांडीवर ठेवून आलो. घालता आली असती. पण लोक पाहत होते.

९ जून, सोमवार. सकाळी साडेसात.
आरशासमोर घातली. भुवयांच्या खाली येते. इंद्रजीतरावांचं डोकं मोठं, त्यात तीन आठवडे ऊन आणि घाम. लोकरीची फेल्ट ताणते. म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर होता : नवा माल आकार धरून ठेवत नाही. हे सिद्ध झालं.
विक्कीला सांगायला फोन लावला. तो ऑफिसला निघत होता. म्हणालो, हॅट आणली.
तो म्हणाला, "बसली का बापू?"
मी म्हणालो, एकदम करेक्ट बसली. माप अगदी बरोबर आहे.
तो म्हणाला, "फोटो पाठवा न."
जमनाने काढला. त्यात माझे डोळे दिसत नाहीत, नुसतं नाक आणि मिशा.
ती म्हणाली, थोडी मागं सरकवा, दुसरा काढते.
नको म्हटलं. तोच पाठवला.