तक्रारी शून्य

३ फेब्रुवारी
आजपासून रोज डायरी. मोठी माणसं लिहितात.
पेठ तालुक्यातला मोबाइल टॉवर माझ्या गळ्यात पडलाय. एका पॅनेलमध्ये चौसष्ट अँटेना, सगळ्या मिळून सिग्नलचा झोत हवा तिकडे फेकतात. अडचण एकच. वरच्या पाड्याचा झोत खालच्या रिसॉर्टच्या झोतात घुसतो. इंटरफिअरन्स! जेवताना बायकोला, उत्तराला, सगळं समजावलं. ती म्हणाली, आमटीत मीठ आहे का ते सांग.

५ फेब्रुवारी
पाड्यावरच्या भागीबाईचा फोन. सर्व्हेला गेलो तेव्हा ऐटीत नंबर दिला, आता भोगतोय. म्हणे, सायेब, रेंज जाते-येते, सून पोटुशी हे, पोरगा द्राक्षांच्या कामाला गेला, येळेला गाडी कशी बोलवू? काळजी करू नका म्हटलं. आपला शब्द म्हणजे शब्द.

८ फेब्रुवारी
सुचलं! पाड्याच्या दिशेला नल टाकायचा. म्हणजे तिकडे सिग्नल जवळपास शून्य. रिसॉर्टवर लग्नं आहेत तेवढेच दिवस. ऑफिसात बसल्या बसल्या टाकलासुद्धा. रिसॉर्टचा स्पीड दुप्पट.
उत्तरा म्हणाली, मग पाड्यावरच्यांनी काय करायचं? तिला टेक्निकल कळत नाही.

१२ फेब्रुवारी
पाड्याची एकही तक्रार नाही. भागीबाईसुद्धा गप्प. म्हणजे तिकडेही सुधारलं! डोंगरावर आपटून सिग्नल पोचत असणार. होतं असं कधी कधी.

१८ फेब्रुवारी
लग्नं संपली. नल काढणार होतो, पण साहेबांनी मीटिंगमध्ये माझाच ग्राफ दाखवला. चालत्या गाडीला खीळ कशाला? सोमवारी नक्की.

२३ फेब्रुवारी
सोमवार. नल राहिलाच. साहेबांना रिपोर्टसाठी समाधानी ग्राहकाचा फोटो हवाय. उद्या पाड्यावर जातो. पेढे घेतले. भागीबाईला कळवायला फोन केला, लागला नाही. रानात गेली असेल.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ. पेठ, दवाखान्याचा ओटा
सडकेपर्यंत एसटी, पुढे डोंगर चढून पोचलो तर सुनेच्या, मीनाच्या कळा सकाळपासून सुरू. पहिलटकरीण. पाड्यावर म्हातारे आणि बाया, बाकी सगळे कामाला गेलेले. मला बघून भागीबाई रडायलाच लागली. देवासारखे आलात, आमचा फोन लय दिस मुका हे, तुमचा लागंल, म्हणाली.
माझे दोन्ही फोन काढले, ऑफिसचा आणि घरचा. हात वर केला, दगडावर चढलो. रेंजची एक दांडी नाही. नल अगदी चोख बसला होता.
बांबूला चादर बांधून मीनासाठी झोळी केली. बांबूचं एक टोक माझ्या खांद्यावर, दुसरं पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याच्या. अर्ध्या उतारावर मीनाचं ओरडणं थांबलं, तेव्हा मी घाबरलो. सडकेला लागल्यावर रेंज आली, मग गाडी आली.
आत नेऊन बराच वेळ झाला. दार बंद आहे. भागीबाई शेजारी बसून येईल त्याला सांगते, सायेब होते म्हणून इथवर आलो.
साहेबांचा मेसेज आलाय. पाड्याच्या तक्रारी आजही शून्य, अभिनंदन, फोटो पाठव.
भागीबाईनं विचारलं, घरचा फोन हे का? मी हो म्हणालो.