नटावरचा लाल ठिपका

ता. ४ जून

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार. त्यातला अर्धा रागाचा आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे दचकणार नाहीस.

वहिनीचा फोन आला होता. दादाने राउटर आणलं म्हणाली. मला वाटलं, चला, घरात इंटरनेट आलं, आता दादा व्हिडिओ बघत बसेल. तर म्हणे ते नव्हे, लाकडात खाचा पाडायचं! दोन मुठी धरून वरून दाबायचं आणि खाली धारदार पातं गरगरतं ते! अरे, जन्मभर छापखान्यात मशीन चालवलंस, सगळी बोटं शाबूत घेऊन घरी आलास, आता छापखाना बंद पडला तर जरा निवांत बसवत नाही का तुला?

आणि मीच ती शहाणी. मीच बोलून गेले, की माझ्या शिवणक्लासमधलं यंत्र टेबलावर उंच बसतं, कापड सारखं खाली घसरतं, ते टेबलात खाली बसवून सगळं सपाट झालं तर किती बरं होईल. तू एवढं मनावर घेशील हे मला काय माहीत! माझ्या टेबलापायी तुझ्या बोटाला काही झालं, तर त्या टेबलावर मला एक टाका तरी घालवेल का?

आमच्या क्लासखाली फर्निचरचं वर्कशॉप आहे, तिथे हेच मशीन आहे. ते सुरू झालं की मुलींना काही सांगायला मला घसा फाडावा लागतो. शेवटी शिकवणं सोडून आम्ही चहा करतो. तेव्हा मला त्यातलं काही कळत नाही असं समजू नकोस.

फोनवर तू हल्ली नुसतं बरं बरं करतोस आणि वहिनीकडे देतोस. वर सांगतोस, पत्र लिही, फोनला मजा नाही. घे, लिहिलं. आता मशीन कसं धरतोस, काय काळजी घेतोस, सगळं सविस्तर कळव. चार ओळींत गुंडाळलंस तर बघ.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे म्हणून ओरडते, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
भिंगरी


ता. १२ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट उधार.

काय गं तुझी ही सवय! लहानपणी मी जिना उतरलो तरी पडेल पडेल म्हणून रडायचीस. आता केस पिकले तरी तेच. बरं, घे सविस्तर.

कापणाऱ्या पात्याला बिट म्हणतात. ते बदलायचं तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून उपटायचा. प्लग बाकावर डोळ्यांसमोर पडलेला दिसला, मगच पाना हातात घ्यायचा. बिट आत टेकेपर्यंत घालायचं, मग केसभर मागे घ्यायचं आणि नट आवळायचा. फळी क्लॅम्पने बाकाला अशी जखडलीय की तुझा नवरासुद्धा इतका घरात बांधलेला नसेल. मशीन बिटाच्या फिरण्याविरुद्ध ढकलायचं, म्हणजे आतली खाच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बाहेरची कड उलटी. चुकीच्या अंगाने गेलं की ते हातातून पळायला बघतं. आणि एका दमात खोल जायचं नाही, पातळ पातळ थर काढत जायचं. लांब बाह्या नाहीत, गळ्यात काही लोंबतं नाही, डोळ्यांवर जाड चष्मा, नाकातोंडावर मास्क. इतका तयार होऊन मी लग्नालासुद्धा उभा राहिलो नव्हतो.

आणि आवाजाचं काय घेऊन बसलीस? तुमच्या खालच्या लोकांचं मशीन खटारा असणार. माझं अगदी शांत आहे, नुसतं गुणगुणतं. दुकानदार कानांवर घालायच्या टोप्या गळ्यात मारत होता. मी म्हटलं, ठेव बाबा तुझ्याकडेच.

तुझ्या टेबलाची खाच अर्ध्यावर आलीय. कोपरे असे गोल उतरलेत की बोट फिरवत राहावंसं वाटतं. नुकसान विचारशील तर एक जुना टॉवेल गेला, बस.

काळजी करणं सोडशील तेव्हा लोभ दुप्पट करीन. तोवर आहे तो पुरव.

तुझा
दादा


ता. १५ जून

प्रिय वन्सं,
नमस्कार, विशेष आहे म्हणूनच लिहितेय.

ह्यांचं पत्र पेटीत टाकायला मीच गेले होते, आणि टाकायच्या आधी वाचलं. राग मानू नका. टॉवेल गेला एवढंच लिहिलंय ना? कसा गेला ते मी सांगते.

बटण बंद केलं तरी ते बिट लगेच थांबत नाही, थोडा वेळ फिरत राहतं. आपल्याला तो उतरत जाणारा आवाज येतो, त्यावरून कळतं. ह्यांना वाटलं थांबलं. बिट खाली बाहेर आलेलंच होतं, तसंच मशीन आडवं करून बाकावर ठेवलं. तिथे पडलेला टॉवेल बिटाने खसकन ओढला, गुंडाळला आणि मशीन उसळलं. टॉवेलचं दुसरं टोक ह्यांनी नुकतंच हातात घेतलं होतं. मी दारात उभी होते, वन्सं. ह्यांचा हात तिकडे जाताना दिसला आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले. शेजारीण धावत आली. ह्यांनी मान वळवली नाही.

हात वाचला तो केवळ टॉवेल जुना होता आणि टरकन फाटला म्हणून.

शांत मशीन म्हणे! गल्लीच्या टोकापर्यंत लोक खिडक्या लावून घेतात. छापखान्याने ह्यांची बोटं ठेवली आणि कान नेले. तुमच्या फोनवर बरं बरं का करतात? तुम्ही काय बोललात ते कळत नाही म्हणून. पत्राची मजाही त्यातलीच. दारावरची बेल ऐकू येत नाही, चारचौघांत कोणी हसलं की मागाहून हसतात.

कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवून उठतात. मला कारण ठाऊक आहे. छापखाना बंद झाल्यावर हे भिंतीकडे बघत बसायचे, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या. ह्या मशीनने कुठे जरा हसायला लागलेत. कान गेले असं कबूल केलं तर सगळे मिळून मशीन काढून घेतील ही धास्ती आहे. आणि खरं सांगू, मलाही काही सुचत नाही. मशीन काढून घ्यावं तर माणूस बसतो, ठेवावं तर हात जाईल. मशीन सुरू असलं की मी दारातून हलत नाही. भात करपतो.

तुमचं ऐकतात ते. मी कळवलं हे खुशाल सांगा. रागावून बोलले तरी माझी उत्तरं त्यांना कुठे ऐकू येतायत!

माया आहेच, ती आता जरा ह्यांच्यावर खर्च करा.

तुमची
वहिनी


ता. २० जून

ती. दादास,
नमस्कार. ह्या वेळी पुरता रागाचा.

वहिनीने सगळं कळवलं. तिच्यावर डाफरायचं नाही, सांगून ठेवते. दादा, मी इतके दिवस काय समजत होते माहीत आहे? तुला माझा कंटाळा आलाय. फोन लावला की तू टाळतोस, दोन शब्द बोलत नाहीस, म्हणून मी रुसून बसले होते रे. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

पत्र वाचून मी तडक खालच्या वर्कशॉपमध्ये गेले. मालक खेकसला, हे बायकांनी बघायचं काम नव्हे म्हणाला. मी हलले नाही. कानांत कापसाचे बोळे घातले, वरून हात दाबले आणि त्याला मशीन चालवून बंद करायला लावलं. मला वाटलं थांबलं, आणि बघते तर बिट अजून फिरतंय! फिरताना ते इतकं गुळगुळीत दिसतं की उभं आहे की चालू आहे डोळ्यांनासुद्धा कळत नाही. तू रोज असाच उभा असतोस.

मशीन सोड असं मी म्हणणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस आणि मला तू भिंतीकडे बघत बसलेला नको आहेस. पण माझं एक ऐक. नव्या मुलींना शिवणयंत्राचं चाक पुरतं थांबलं की नाही हे कळत नाही, सुईखाली बोट घालतात. म्हणून मी चाकावर खडूची खूण करते. खूण स्थिर दिसली तरच बोट पुढे. हे मी खाली त्या मालकाच्या मशीनवर करून पाहिलं, त्याला न विचारता. सोबत पाठवलेली बाटली माझ्या नेलपॉलिशची आहे, लाल. हसू नकोस. प्लग काढून त्या बिट पकडणाऱ्या नटावर एक ठिपका दे आणि वाळू दे. फिरताना नुसतं तांबूस धुकट दिसतं, थांबलं की ठिपका लख्ख दिसतो.

खाच झाली की आधी खटका सोडायचा, म्हणजे स्प्रिंगने मशीन वर येतं आणि बिट तळाच्या पत्र्याच्या आत जातं. मग बटण बंद. मग दोन्ही मुठी धरून उभं राहायचं. ठिपका दिसेपर्यंत खाली ठेवायचं नाही, हात सोडायचा नाही. आणि बाकावर फडकं, टॉवेल काही नको.

दुसरं, कान दाखवून ये. त्याशिवाय टेबल घरात घेणार नाही. आणून टाकलंस तर रस्त्यावर ठेवीन.

लोभ आहे, पण ह्या वेळी अटीवर आहे.

भिंगरी


ता. २७ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी बहिरा नाही. तुम्ही दोघी मिळून मला म्हातारा करायला निघाला आहात. नेलपॉलिश फडताळात ठेवली आहे, कोणा बाई-पोरीने लावावी. टेबलाचं काम थांबवलं आहे, दुसऱ्या कोणाकडून करून घे.

दादा


ता. २२ जुलै

ती. दादास,
नमस्कार. राग बिग सगळा गेला, आता नुसती भीती उरलीय.

तुझ्या त्या तुटक पत्राला मी दोनदा उत्तर पाठवलं, तुझ्याकडून अक्षर नाही. वहिनीला फोन केला तर म्हणाली, ते बरे आहेत, ते स्वतःच लिहिणार आहेत, मला बोलायला बंदी आहे. बंदी कसली? आणि असं बोलताना तिचा आवाज का कापत होता? हसू दाबत होती की रडू, मला कळलं नाही. मी खोदून विचारलं तर फोनच ठेवला.

काल दुपारी क्लासच्या फोनची घंटा वाजली. उचलला तर पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता. मी कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत राहिले, कोण आहे विचारलं, मुली शिवायच्या थांबल्या. मग पलीकडून फोन ठेवला. तेव्हापासून खाली ते मशीन सुरू झालं की मी कानांवर हात ठेवते.

दादा, खरं सांग, तुझ्या हाताला काही झालं नाही ना? मला टेबल नको, काही नको. कान दाखवू नकोस हवं तर. तुझ्या उजव्या हातचं एक पत्र पाठव. नुसतं नाव लिही आणि पाठव. अक्षर तुझंच आहे हे मला बघू दे.

काय चुकलं असेल ते पोटात घाल. लोभावर अट घातली होती ती काढून घेतली.

तुझी
भिंगरी


ता. २६ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, उजव्या हाताने. अक्षर बघ, आहे तेवढंच वाईट आहे. दहाही बोटं जागेवर आहेत, आताच वहिनीने मोजून घेतली.

काम थांबवलं असं लिहिलं ते खोटं होतं. अर्धी खाच डोळ्यांसमोर ठेवून मला बसवेना. आणि ठिपकासुद्धा दिला, वहिनीचा डोळा चुकवून, चोरासारखा. म्हटलं, बघू तरी पोरीचं डोकं कसं चालतं.

एक दिवस खाच साफ केली, खटका सोडला, बटण बंद केलं. मला पक्कं वाटलं, थांबलं. आत भुसा अडकला होता, तो काढायला उजवा हात मुठीवरून सुटला होता गं. सहज नटाकडे बघितलं आणि ठिपका नव्हता. नुसतं तांबूस धुकट. मी तसाच उभा राहिलो. मग हळूहळू एक लाल रेघ आली, ती तुटली, आणि ठिपका येऊन समोर थांबला. मला थांबलं असं वाटलं होतं, भिंगरे. मला खात्री होती.

मशीन खाली ठेवलं, आत गेलो आणि वहिनीला म्हटलं, चल, कान दाखवून येऊ. ती चपला घालून दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिलीत. हे सगळं मी स्वतःच लिहिणार म्हणून वहिनीचं तोंड मीच बंद केलं होतं. यंत्रं घालून घरी आलो आणि हौसेने राउटर एकदा चालू केलं. आई गं! लगेच बंद करून खालीच बसलो. शेजारी जाऊन हात जोडून आलो. त्यांनी इतके दिवस पोलीस कसे बोलावले नाहीत, मला कळत नाही. आता मशीन चालवताना ही यंत्रं काढायची आणि कानांवर त्या जाड टोप्या घालायच्या असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे तेव्हा मी पुन्हा बहिराच. म्हणून ठिपका राहणार. दुकानदाराकडून टोप्या आणल्या, तो गालात हसला मेला.

टेबल पुरं झालं. शिवणयंत्र आत बरोबर बसेल, कापड कुठे अडकणार नाही. पुढच्या आठवड्यात टेम्पोने पाठवतो. रस्त्यावर ठेवू नकोस.

आता तो फोन. तो मीच केला होता. वहिनी बाजारात गेली होती, म्हटलं आपण एकट्याने लावून बघू. तू उचललास, हॅलो म्हणालीस. मी आधी विचारात पडलो, हे कोण. तुझा आवाज हुबेहूब आईसारखा झालाय गं. कधी झाला? तू पुन्हा पुन्हा हॅलो म्हणत होतीस, कोण आहे विचारत होतीस, आणि मी ऐकत होतो. मग तसाच ठेवून दिला.

येत्या रविवारी सकाळी पुन्हा लावतो. ह्या वेळी बोलेन. लोभ तसाच असू दे, फक्त फोनवर जरा हळू बोल. आता ओरडावं लागत नाही.

तुझा
दादा