पट्ट्याखालची उशी

१२ सप्टेंबर
डावीकडे छाती सपाट. बगलेतून नळी, नळीला बाटली, बाटलीत लालसर पाणी. डॉक्टर म्हणतात, सगळं निघालं. काय निघालं ते इथेही लिहवत नाही.
लिहितो. स्तनाचा कॅन्सर. मला – गाडी चालवायला शिकवणाऱ्या मिशाळ बाप्याला!
सिस्टर म्हणाली, यातून गेलेलं कुणीतरी उद्या भेटायला येईल. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

१३ सप्टेंबर
आली एक साठीची बाई. दारात थबकली, मला बघितलं, बाहेर जाऊन खोलीचा नंबर वाचला, परत आली. पेशंट कुठे गेल्या, असं माझ्या बायकोलाच विचारलं. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.
बाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, पुरुष पहिल्यांदाच वाट्याला आलाय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मला हसू फुटलं आणि टाके ओढले गेले.
त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. दोन्ही बाजू काढून बरीच वर्षं झाली. बाटली शर्टाच्या आत कशी अडकवायची, कुशीवर वळताना हाताखाली काय घ्यायचं, ते दाखवून गेल्या. धीर धरा वगैरे काही नाही. बरं वाटलं. सिस्टरला सांगणार नाही.

२१ सप्टेंबर
घरी. ‘छातीचं ऑपरेशन’ ऐकून सगळे हृदयाचं समजतात. मी समजू देतो. मुलीलाही फोनवर तेच सांगितलं. ती नोकरीसाठी लांब राहते. निघाली होती, मीच येऊ नको म्हटलं. मी बोलत होतो तेव्हा बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

५ ऑक्टोबर
पडदेवाल्या बाई घरी आल्या. व्यायाम दाखवला – भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. खांद्याच्या वर गेला की बगलेत दोरी ताणल्यासारखं होतं. मी शिवी गिळली. त्या म्हणाल्या, गिळू नका, मी सगळ्या मोठ्याने दिल्या होत्या. मग दिली एक. बायको आतून हसली.

२७ ऑक्टोबर
नव्या गोळीने अंगातून वाफा निघतात. बसल्या जागी घाम. बायको शांतपणे म्हणाली, ‘आता कळलं, पाळी जाताना मला काय होत होतं?’
कळलं.

११ नोव्हेंबर
कामावर परत. शिकवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे सीटबेल्ट नेमका जखमेवरून जातो. आज शिकणाऱ्याने कचकन ब्रेक दाबला – डोळ्यांपुढे काजवे चमकले! बाईंना फोन करून रडगाणं गायलो. संध्याकाळी त्यांनी पट्ट्यात अडकवायची छोटी उशी पाठवली. पडद्याचं कापड, त्यावर ही एवढाली पिवळी फुलं. साधं कापड संपलं होतं म्हणे. माझा विश्वास नाही. पण उशी बसते झकास.

३० नोव्हेंबर
रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सरला कारण झालेला जनुकातला दोष जन्मजात आहे, मुलांत उतरू शकतो. डॉक्टर म्हणाले, मुलीला सांगा, तिला तपासून घेऊ द्या. मी हो म्हटलं.
तिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

६ डिसेंबर
बाई मला त्यांच्या कॅन्सर पेशंटच्या मंडळाच्या बैठकीला घेऊन गेल्या. सगळ्या बायका. कुणी टक लावून बघितलं नाही. सरकून जागा दिली, चहा दिला. शेजारी माझ्या मुलीच्या वयाची एक होती, डोक्यावर रुमाल. आईलाही हाच आजार होता म्हणाली, पण आईने शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कळलं असतं तर मी आधीच डॉक्टरांना दाखवलं असतं, म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. म्हणूनच ऐकवेना.
परतताना बाईंना रिपोर्टचं सांगितलं, मुलीला अजून काहीच माहीत नाही हेही. त्या म्हणाल्या, ‘मास्तर, पडदे विकणं माझा धंदा आहे. तुम्ही नका लावू.’

९ डिसेंबर
मुलीला फोन लावला. तिच्याकडच्या हवेची चौकशी केली. ठेवला.

२१ डिसेंबर
मुलगी आली. मी म्हटलं, चल, फेरी मारू, तू चालव. गाडीत बरं असतं, दोघांनाही समोरच बघायचं असतं. शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर सांगून टाकलं – हृदय नव्हतं. काय होतं. तिला काय करायला हवं.
तिने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मीच शिकवलेलं, सगळं क्रमाने. मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं.
‘बाबा, तू एकटाच सहन करत होतास?’
एकटा नव्हतो, म्हटलं. एक पडदेवाल्या बाई होत्या. तुझी आई होती. फक्त तुलाच बाहेर ठेवलं. तुझ्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना, लाज वाटली.
ती माझा हात धरून बसली. एक ट्रक हॉर्न देत गेला तरी हलली नाही.

१८ जानेवारी
मुलीच्या रक्तातही तोच दोष. पुढच्या तपासण्या सुरू. बायको जेवली नाही. मीही नाही.

९ फेब्रुवारी
एक गाठ सापडली. हाताला लागणारही नाही इतकी बारीक. डॉक्टर म्हणाले, फार लवकर आलात, पूर्ण बरी होईल.
सिस्टरने तिला विचारलं, यातून गेलेलं कुणी भेटायला पाठवू का?
‘नको,’ मुलगी म्हणाली, ‘माझ्याबरोबर आलाय.’