मोटार आपोआप सुरू झाली नव्हती

विश्रांतवाडी, पुणे

तीर्थरूप बाबांच्या पाया पडून,

मी बरा आहे. डबा वेळेवर येतो, भाजी फक्त गोड असते. आईचा गुडघा कसा आहे?

हे फोनवर बोलायची हिंमत होईना. तुम्ही सांभाळता त्या पंपघरातली मोटार इथल्या ऑफिसातल्या लॅपटॉपवरून चालवायची सोय मीच केली. सोमवारी, जोडणी जमली का बघायला, मी सुरूचं बटण दाबलं. आधी तुम्हाला विचारलंही नाही.

थोड्या वेळानं ऑफिसात साहेबांना तुमचा फोन आला, त्यांनी तो स्पीकरवर घेतला. "मोटार आपोआप सुरू झाली, साहेब. मी पुसत होतो, हात थोडक्यात वाचला." साहेब हसले. म्हणाले, "काकांना डुलकी लागली असेल." मी समोरच बसलो होतो, बाबा. गप्प राहिलो.

हाताला खरंच काही झालं नाही ना? आईलाच विचारतो, तुम्ही सांगणार नाही.

आज साहेबांना खरं सांगितलं. ते तुम्हाला फोन करतील. आता तिथल्या पेटीची चावी तुम्ही फिरवल्याशिवाय इथून मोटार सुरूच होणार नाही, अशी व्यवस्था केली आहे.

पत्र पोचलं की मी फोन करून मोटार इथून सुरू करायला तुमची परवानगी मागेन. लगेच देऊ नका.

तुमचा,
चेतन