गार बंडी, साधी बंडी

११ फेब्रुवारी, मंगळवार
वैशालीचे पाय आज पुन्हा गेले. न्हाणीघरातून बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभीच राहिली. माझा संतोष कामावर गेलेला. मी बगलेत हात घालून पलंगावर आणलं. अर्ध्या तासात बरं. तिला एम.एस. असल्याचं कळून दोन वर्षं झाली. मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी खराब होतं, म्हणून सहा महिन्यांनी एकदा दवाखान्यात सलाईनमधून औषध. ते चुकवलेलं नाही. मग हे का?
तरी कोर्टात गेलीच. सून वकील, ऐकणार कुणाचं! मी दिवसभर हिंडलग्यातले सगळे देव कामाला लावले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दवाखाना. डॉ. नंदिनींनी माझी वही मागितली. वै.च्या तब्येतीचं मी रोज टिपते, तारीखवार. छत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, खोड जात नाही. डॉक्टरीणबाई कन्नड, मराठी मोडकं पण गोड. पानं उलटत गेल्या, मधेच थांबल्या. "बाई, मंगळवार-शुक्रवारीच पाय जास्ती वीक, का?"
म्हटलं, त्या दिवशी डोक्यावरून न्हाणं. पाणी मी स्वतः तापवते, चांगलं कढत. अशक्त माणसाला कढत पाणी, वर धुरी. बाळंतीण असो, आजारी असो, आमच्याकडे हेच.
त्या हसल्या नाहीत, हे उपकार. म्हणाल्या, अंग तापलं की खराब तंतूंतून निरोप आणखी सावकाश जातात. निवलं की पूर्ववत. त्यानं रोग वाढत नाही, पण तेवढा वेळ पाय आपले राहत नाहीत.
म्हणजे मीच. दोन वर्षं. मायेनं. आणि वर स्वतःच्याच अक्षरात लिहूनही ठेवलं, वाचता मात्र आलं नाही.
रिक्षात वहीतले मंगळवार-शुक्रवार मोजत बसले. वैशाली म्हणाली, "आई, माजं अंग असून मला न्हाय कळलं, तुम्हाला कसं कळणार?" तेवढ्यावर रडू आलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कोमट पाणी. न्हाऊन सरळ स्वयंपाकघरात आली, चहा गाळला. काही न धरता. खाली दोन रेघा मारल्यात.

४ मार्च, मंगळवार
वै.च्या सीनियर वकीलसाहेबांनी कडोलीच्या एका विधवेचा जमिनीच्या हिश्शाचा दावा तिच्यावर सोपवला. शेवटचा युक्तिवाद तिनं एकटीनं करायचा, उन्हाळी सुट्टीच्या आधी, एप्रिलअखेर. वर विचारलं, "तासभर उभं राहवेल न्हवं? न्हायतर आत्ताच सांग, मी करतो."
"राहवेल" म्हणून आली. घरी सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.
एप्रिलचं ऊन, ती कोंदट खोली, वर काळा कोट. त्या दिवशी पाय गेले तर पुन्हा कुणी तिला उभं करणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या फाइली लावत बसायचं. हे तिलाही कळतं, मलाही.

९ मार्च, रविवार
परदेशात गार पिशव्यांची जाकिटं मिळतात म्हणे, डॉ. म्हणाल्या. मिळेनात का. मी गुरुवारीच खडेबाजारातून मऊ सुती कापड आणलं आणि बंडी शिवायला घेतली. पुढे चार खिसे, मागे दोन. आत जेलच्या पिशव्या, पाय मुरगळल्यावर लावतात त्या, फ्रीजमध्ये गार केलेल्या.
पहिली बंडी घालून वै. उभी राहिली तर शेतातलं बुजगावणं. संतोष म्हणतो, "आई, हिला कोर्टात न्हाय, सर्कशीत धाड." त्याला जेवायला उशिरा वाढलं. दुसरी बरी. तिसरी कोटाखाली कळूनही येत नाही.
दुपारी उन्हात गल्लीच्या टोकापर्यंत गेली नि आली. हसत आली. मशीन पुसून ठेवताना मी गुणगुणत होते. सदुसष्टाव्या वर्षी माणूस एवढा खूश होऊ शकतो.

१८ मार्च, मंगळवार
डॉ. नंदिनींनी बंडी उलटीपालटी केली, खिसे मोजले, जेलची पिशवी मनगटावर धरून बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, याचा अभ्यास करू." एकट्या वै.ला बरं वाटतं एवढ्यावर डॉक्टरांच्या मासिकात काही छापता येत नाही. इतरांनाही गुण येतो का, चालण्यात खरंच फरक पडतो का, हे मोजावं लागतं. गारव्याच्या अभ्यासाला दवाखान्याच्या समितीची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती, घोडं अडलं होतं जाकिटापाशी. आता बंडीचं पत्र समितीला जाणार. वै. धरून बारा पेशंट, बारा बंड्या. शिवणार कोण? मी!
येताना रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण मान डोलावली.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली, श्रीखंड झालं, संध्याकाळी बारावी बंडी झाली. पाडव्याचं न्हाणं सगळ्यांनाच कोमट. संतोष कुरकुरला.

५ एप्रिल, शनिवार
अभ्यासाचा पहिला शनिवार. चार आठवडे, दोन गार बंडीचे, दोन साधीचे. साधी म्हणजे खिशांत त्याच पिशव्या, पण गार न केलेल्या. क्रम प्रत्येकाचा चिठ्ठी टाकून, घरीही आठवडाभर चिठ्ठीप्रमाणेच बंडी. शनिवारी सगळ्यांनी दवाखान्यात यायचं, तासभर बंडी घालून बसायचं, ती काढायची आणि आखलेल्या पट्ट्यावर चालायचं. फिजिओवाली मुलगी घड्याळ लावते. कुणाची गार, कुणाची साधी, हे तिला ठाऊक नसतं. चिठ्ठी बघून खिसे भरायचं काम माझं. कानात वारं शिरलंय माझ्या.
मी विचारलं, साध्या बंडीचा खटाटोप कशाला? गारनं बरं वाटतं ना, द्या सगळ्यांना. डॉ. म्हणाल्या, "तुम्ही बनवलं म्हणून पण त्यांना बरं वाटेल. ते किती नि गारव्याचं किती, वेगळं करायला नको?" साध्या पिशव्या मोजायला घेतल्या.

१२ एप्रिल, शनिवार
निपाणीची कमल आली. चौतिशीची, विड्या वळते. एम.एस.नं आता बोटं बधिर, पाय जड. दोन बस बदलून, भर उन्हात. बाकावर टेकली ती घामानं चिंब, पाण्याचा ग्लासही धरवेना. चिठ्ठी साधीची.
मी फ्रीज उघडला आणि गार पिशव्या भरल्या. तेवढ्या वेळात कुणी बघितलं नाही.
"आक्का, लई गार वाटलं बगा. जिवात जीव आला." झपाझप चालली. मला वाटलं, यात काय बिघडलं.

१४ एप्रिल, सोमवार
सकाळी पोळ्या लाटताना वै.ला सांगून टाकलं, कौतुकाच्या अपेक्षेनं. तिनं ताट बाजूला सारलं.
"आई, आता कमलताईंचा साधीचा आकडा खोटा झाला. तो धरून डॉक्टर जे छापतील तेही."
"अगं, तिची दया आली."
"कोर्टात येणारे निम्मे खोटे साक्षीदार दया आली म्हणूनच बोलत्यात."
सून बोलत नव्हती, वकीलच बोलत होती. तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, आता राहू दे, कुणाला कळतंय. हे वाक्य मी बोलले. मी! कॉपी करणाऱ्या पोरांना अंगठे धरायला लावणारी.
दुपारी डॉ. नंदिनींना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, कमलचा तो शनिवार बाद. पुढच्या शनिवारी साधी घालून पुन्हा चालायचं, तिचा अभ्यास एक आठवडा लांबणार. आणि असं घडलं हेही शेवटी लिहावं लागेल.
"माझ्या नावानं?"
"नावानं नाही, बाई. पण लिहावं लागेल."

१९ एप्रिल, शनिवार
वाटलं होतं काम काढून घेतील. घेतलं नाही. आता पिशव्या मी भरायच्या, नर्सबाईंनी चिठ्ठीशी ताडून सही करायची. योग्यच आहे. तरी टोचलं.
कमलला मीच सांगितलं, चूक माझी आणि हेलपाटा तुला. म्हणाली, "माज्यापायी ओरडा खाल्लासा व्हय? आता काय बी घाला, चालतो मी."
साधी घालून बसली. घाम टिपत होती. माझ्या हाताशी फ्रीज. तरी बसून राहिले. सावकाश चालली, मधे एकदा भिंतीला हात लावून.

२३ एप्रिल, बुधवार
युक्तिवाद परवा. आणि वै.चा हा आठवडा चिठ्ठीप्रमाणे साधीचा.
डॉ. नंदिनींनी स्वतः फोन करून सांगितलं, तब्येतीपुढे अभ्यास काही नाही, हवं तर गार घाला, हवं तर बाहेर पडा, एक शब्द कुणी बोलणार नाही. मी आधीच फ्रीजमध्ये जागा केली होती.
वै. म्हणते नको.
भांडले मी. चांगलीच भांडले. दोन महिने ज्यासाठी मर मर केली तो दिवस आला आणि आता नको? म्हणाली, "कमलताईंनी दोन बस बदलून पुन्हा साधी घातली. मी घरातली म्हणून माजं वेगळं?" मग जरा थांबून, "आणि आई, बंडी कुठं जन्मभर पुरणाराय. गारवा नसताना मी किती वेळ उभी राहते, मलाच बघू दे."
संतोष ताट उचलून मोरीत गेला. बायकोच्या बाजूचा आहे, पण माझ्यासमोर कबूल करणार नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
कोर्टात मागच्या बाकावर बसले. शेजारी कडोलीची ती विधवा, पदराचं टोक चावत. पंखा फिरत होता एवढंच.
वैशाली बोलायला लागली. अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी, मला सगळं समजलं नाही. आवाज समजला. कागद न बघता तारखा, सर्व्हे नंबर, कोण कधी वारलं, सगळं. न्यायाधीश लिहून घेत होते. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. पस्तिसाव्या मिनिटाला तिचा डावा गुडघा थरथरला. मी बाक घट्ट धरला. मला वाटलं संपलं.
तिनं बोलणं थांबवलं. न्यायाधीशांना म्हणाली, मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, उष्णतेनं पाय साथ देत नाहीत, उरलेला युक्तिवाद बसून करायची परवानगी असावी. स्पष्ट. जसं सर्व्हे नंबर सांगत होती तसंच. दोन वर्षं तिनं हे नाव कोर्टाच्या आवारात काढलं नव्हतं.
न्यायाधीशांनी खुर्ची द्यायला सांगितली. बसून आणखी वीस मिनिटं बोलली. आवाज तोच.
माझा ऊर भरून आला. पोटची असती तरी याहून जास्त काय वाटलं असतं?
बाहेर सीनियर साहेब भेटले. "चांगलं मांडलीस" एवढंच म्हणाले, पुढच्या कामाचं काही नाही. निकाल सुट्टीनंतर.

२६ एप्रिल, शनिवार
वै.चा शेवटचा शनिवार. साधी बंडी, तासभर, मग पट्टा. कालचा शीण अंगात होताच. फिजिओवाल्या मुलीनं सेकंद मोठ्यानं वाचले. तिच्या चार शनिवारांतला सगळ्यात सावकाश आकडा.
बंडी शिवणारीला आनंद व्हायला हवा. गारवा नसला की चालणं मंदावतं, हेच तर दाखवायचंय. मी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शिवणारी तीच मी, आणि माझं एक मन म्हणतंय अजून दोन सेकंद कमी लागले असते तर.
डॉ. म्हणाल्या, लगेच काही ठरवू नका. उन्हाळा संपला की सगळ्यांचे आकडे एकत्र बघायचे. फरक निघाला तर निघाला, नाही निघाला तर तसंच छापायचं. वै.चा वर्षाचा मेंदूचा स्कॅनही जूनमध्येच. नवे डाग निघाले तर औषध बदलणार, बंडी तिथं काही कामाची नाही. हे सगळं मला कळतं. आता कळतं.
वै. बाकावर बसून बुटांचे बंद बांधत होती. बोटं वळत नव्हती, म्हणून मी खाली वाकले. तिनं पाय मागे घेतला. "थांबा, मी बांधते." बराच वेळ लागला. मी उभी राहून बघत राहिले, हात लावला नाही.