डाकोटाचे पाच थर

३ जानेवारी, सकाळी ६.०५
संकल्प एक : रोज सहाला उठणे. (आज पाच मिनिटे उशीर; घड्याळ पुढे असावे.) दोन : इतरांच्या चुका काढणे बंद. तीन : संग्रहालयातील युद्धकालीन मालवाहू डाकोटा विमानाचा मूळ रंग निश्चित करणे. उद्घाटन ३० मार्चला. माझ्या अहवालाबरहुकूम विमान रंगेल आणि फलकावर ‘इतिहाससंशोधक’ म्हणून माझे नाव लागेल. बी.कॉम.वाल्याला इतिहास काय कळतो, असे मेहुणा म्हणाला होता. फलक त्याला दाखवण्यात येईल.

११ जानेवारी
पॉलिश पेपरने घासून रंगाचे थर उघडे केले. एकूण पाच. तळाशी गडद हिरवा : युद्ध. मग करडा. मग पांढऱ्यावर निळा पट्टा : प्रवासी कंपनी. मग लाल : टपाल. वर चंदेरी. शास्त्राप्रमाणे दहा ठिकाणी घासावे लागते. मी दारावर घासले. दार सावलीत आहे, हाताच्या उंचीवर आहे आणि शिडी माझ्या गुडघ्यांना मानवत नाही. जागा एकच, परंतु काटेकोर.
दाराच्या आत ठोकलेला क्रमांक विमानाच्या क्रमांकाशी जुळत नाही. तत्कालीन कारकुनांची बेपर्वाई. अहवालात दुरुस्त करून घेतला. (संकल्प दोन मृतांना लागू नाही.)

१९ जानेवारी
सासरे याच विमानावर फिटर होते. एकदा बाबांना विचारा की, असे हिचे टुमणे. तोंडी पुरावा मी ग्राह्य धरत नाही. चहाच्या वेळी त्यांनीच विचारले, जावईबापू, घासलंत कुठं? ‘योग्य ठिकाणी’ असे सांगून विषय संपवला.

२७ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
अहवाल सादर. पृष्ठे ४६. संग्रहालयाच्या संचालिकाबाईंनी दोन पाने वाचून मंजुरी दिली. सहाला उठणे उद्यापासून.

१४ मार्च
रंगारी म्हणतो, साहेब, शेपटीखाली घासा नाहीतर पंखाखाली, तळाला मातकटच निघतंय, हिरव्याचा टिपूस नाही. ती धूळ आहे, असे मी सांगितले. धूळ पाण्यानं जाते साहेब, असे तो म्हणाला. त्यास अहवालाचे पान एकतीस वाचावयास दिले. त्याने त्यावर ब्रश पुसला.

२९ मार्च
विमान संपूर्ण हिरवे. सासऱ्यांना मुद्दाम दाखवावयास नेले. त्यांनी दारावर हात ठेवला आणि संचालिकाबाईंसमक्ष म्हणाले, अहो, हे दार ह्याचं नव्हेच! ह्याचं दार ट्रकनं चेपलं, म्हणून भंगारातल्या दुसऱ्या विमानाचं मीच आणून बसवलं. हे बापडं जन्माचं मातकट. पुरावा काय, असे मी विचारले. त्यांनी दाराच्या आतला क्रमांक न पाहता घडाघडा म्हणून दाखवला; तंतोतंत जुळला. संचालिकाबाईंनी अहवाल उघडून त्यातील ‘दुरुस्त’ क्रमांक वाचला व माझ्याकडे पाहिले. उद्घाटन लांबणीवर.
घरी हिने बाबांना पहिला चहा दिला, मला उरलेला.

६ मे
उद्घाटन पार पडले. विमान मातकट. फलकावर सासऱ्यांचे नाव. दार उतरवून कोपऱ्यात स्वतंत्र उभे केले आहे; खालच्या पट्टीवर माझे नाव, अंमळ बारीक. मेहुण्याने फोटो काढला. तथापि क्रमांक सोडल्यास दारापुरता अहवाल अक्षरशः अचूक आहे, हे संचालिकाबाईंनाही मान्य करावे लागले.
माहिती देण्यासाठी दाराशेजारी खुर्ची टाकून बसलो. दोन तासांनी एक गृहस्थ आले, दाराची मूठ ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळले. मी उठून उभा राहिलो, अहवालाचे पान एक उघडले. आत कोणी आहे का, असे त्यांनी विचारले.
स्वच्छतागृह डावीकडे, दुसरे दार, असे मी नेमके सांगितले.