एस्तेरचा ताप

राहाता,
१२ ऑगस्ट १९७२

प्रिय आमोसदादा,

तुझं पत्र मिळालं. झालं ते झालं, मन घट्ट कर, असं लिहिलंस. माझं मन घट्टच आहे. काल शाळेत दुसरीची हजेरी घेताना माझ्या एस्तेरचं नाव गाळून पुढं गेले, आवाजही कापला नाही.

तिचे पप्पा गेल्यापासून तिचं सगळं तूच बघायचास. पुण्याहून तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हाही नगरच्या डॉक्टरांनी तुलाच आत बोलावलं. तू त्यांचा कंपाउंडर, आणि मी पडले बाईमाणूस. बाहेर येऊन तू हसत म्हणालास, रक्त कमी आहे, ह्या ताकदीच्या गोळ्या चुकवू नकोस. मी एकही चुकवली नाही. गोळ्यांनी तिचे गाल फुगले, तर पोर बाळसं धरतेय म्हणून मी वेडी शेजारणींना कौतुकानं दाखवत होते.

जुलैत तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मी सुईनं काढून हळद भरली, आई आपल्याला भरायची तशी. शुक्रवारी ताप आला. ओल्या पट्ट्या ठेवल्या, गवती चहाचा काढा दिला. शनिवारी उतरल्यासारखा वाटला. रविवारी तिनं पेजही तोंडात घेतली नाही. सोमवारी पहिल्या एस.टी.नं तिला नगरला तुमच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तिचे हातपाय गार पडले होते.

त्या काचेच्या खोलीत, तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी घालता घालता डॉक्टर माझ्यावर ओरडले. जंतू रक्तात भिनलेत, म्हणाले. हिला रक्ताचा कॅन्सर, गोळ्यांनी तो दबतो पण अंगातली झुंजायची ताकदही जाते, ताप दिसला की त्याच दिवशी आणा, असं तुमच्या भावाला दोनदा बजावलं होतं. तू सलाइनच्या बाटलीपाशी उभा होतास. मान वर केली नाहीस. बुधवारी दुपारी ती गेली.

माझा जीव घाबरेल म्हणून लपवलंस, हे एक वेळ समजू शकते. पण मातीच्या दिवशी आई सगळ्यांदेखत म्हणाली, तीन दिस पोर घरात ठिवली हिनं, मास्तरीण असून. तेव्हा तू तिच्या शेजारीच होतास, दादा. तेव्हा कुणाचा जीव घाबरणार होता? आई अजून माझ्याशी बोलत नाही. आणि तू लिहितोस, आईबाबांना यातलं काही कळवू नकोस, त्यांना सोसायचं नाही.

म्हणून मी पाकीट घेतलं नाही. ही चार उघडी पोस्टकार्डं आहेत, वर आकडे घातलेत. घरी टपाल येतं तेव्हा तू दवाखान्यात असतोस. पोस्टमन कार्डं बाबांच्या हातात देईल, आणि आलेलं प्रत्येक कार्ड बाबा ओट्यावर बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवतात. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, काटा मी सगळा काढला होता. तापाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं गं.

तुझीच,
कृपा